तबकडीच्या शेवटचं नाव

रोहिणखेडच्या पुंजाजीला देवानं गळा दिला तो हात राखून दिला नव्हता. तो नदीच्या या थडीला डफावर थाप मारून उभा राहिला, की त्या थडीची माणसं हातातली भाकर हातातच धरून बाहेर येत. समोर गावच्या गाव बसलेलं असो, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द कळे. आणि नाही कळला तर तो म्हाताऱ्याच्या कानाचा दोष समजला जाई, पुंजाजीच्या गळ्याचा नव्हे. शेती होती, चांगली होती. पण कपाशी कोणाच्याही शेतात पिकते. असा गळा आसपास कुठं पिकला नव्हता, आणि हे पुंजाजीला कोणी सांगावं लागत नसे.

त्याच्या मागे तुणतुणं घेऊन उभा राहायचा तो उकंडा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं याला जन्मताच उकिरड्यावर लोळवून घेतला आणि नावही तसंच ठेवलं, म्हणजे कोणाची दृष्ट लागायला नको. पुंजाजीहून थोडा लहान, अंगानं काडी, आवाजही बारीक आणि ताणलेला. पुंजाजीनंच त्याला फडात घेतला, गाणी शिकवली, झिलकरी केला. झिलकऱ्याचं काम सोपं दिसतं. शाहिरानं ओळ टाकली की ती झेलायची, ताणून धरायची, आणि शाहीर दम घेऊन आला की मुकाट्यानं त्याची त्याला परत करायची. उकंडानं निम्मं आयुष्य हेच केलं होतं आणि कधी हूं की चूं केलं नव्हतं.

या फडाची आणखी एक रीत होती. गाणं संपलं की शाहिराचं नाव झिलकऱ्यानं पुकारायचं. शाहिरानं स्वतःच्या तोंडानं आपलं नाव घेणं म्हणजे आपल्याच हातानं आपल्या गळ्यात हार घालणं, असं जुने लोक मानत. म्हणून डफावर शेवटची थाप पडली, की त्या थापेला लागूनच उकंडा ओरडे, "शाहीर पुंजाजी रोहिणखेडकर!" मग लोक माना डोलवत, आणि पुंजाजी जणू आपल्याला काही ऐकूच आलं नाही अशा चेहऱ्यानं डफ खांद्याला अडकवी. खरं तर सबंध गाण्यात त्याला सगळ्यात गोड लागायचं ते हेच.

वऱ्हाडचा कारभार नागपूरला जोडून तेव्हा काही वर्षं झाली होती. मलकापूरला रेल्वेतून काय उतरेल याचा नेम राहिला नव्हता. एका साली गावचे उत्तमराव पाटील तिथून भोंग्याचा बाजा घेऊन आले. काळी तबकडी फिरायची, सुई टेकवली की भोंग्यातून माणूस गायचा. गाव दोन दिवस तोंडात बोट घालून बसलं. तिसऱ्या दिवशी पाटील पुंजाजीला म्हणाले, "शंख छाप कंपनीचे लोक मलकापुरात येऊन राह्यले. गानारे पाहून राह्यले. तुह्यासारखा गळा त्यायले मुंबईत तरी भेटन काय? जा बरं."

पुंजाजी उकंडाला घेऊन बैलगाडीनं गेला. जाताना धुतलेलं धोतर नेसला, फेटा दोनदा बांधला, आणि बायकोला, तानुबाईला, म्हणाला, "आता पाह्यजो. कलकत्त्याले माह्या आवाज वाजन."

तानुबाई म्हणाली, "इथून वरडले तरी वाजन. गाडी कायले जुंपता?"

कंपनीनं मलकापुरात एका जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, गोदामात बस्तान मांडलं होतं. हंगाम सरत आलेला, भिंतींना रुईच्या गाठी रचलेल्या. आवाज घुमू नये म्हणून कंपनीच्या गोऱ्या साहेबाला ती जागा पसंत पडली होती. मधोमध एक मोठा भोंगा, भोंग्याच्या निमुळत्या टोकाला सुई, सुईखाली मेणाची जाड ताटली. मेणावर रेघ उठायची, त्या मेणावरून पुढं कलकत्त्याच्या कारखान्यात तबकड्या निघायच्या. साहेबाला मराठी येत नव्हतं. त्याच्या बरोबर नारायणराव नावाचे पुण्याचे गृहस्थ होते. डोळ्यांवर चष्मा, बोलणं असं की प्रत्येक शब्द इस्त्री करून काढलेला.

"हे पहा," नारायणराव म्हणाले, "गाणं तीन मिनिटांत संपलं पाहिजे. साहेब हात वर करतील, तेव्हा थांबायचं. आणि थांबल्याबरोबर नाव सांगायचं. कलकत्त्याच्या कारखान्यातल्या लोकांना आपली भाषा कळत नाही. शेवटी नाव असलं म्हणजे कोणाची तबकडी कोणती याचा घोटाळा होत नाही. नाव ऐकून आमचा तिथला मराठी कारकून चिठ्ठी लावतो."

पुंजाजीनं मान हलवली, डफावर थाप मारली आणि आवाज लावला.

सुई उडाली. साहेबानं डफ बंद करायला लावला. डफाशिवाय गायला, तरी सुई उडाली. साहेबानं त्याला चार पावलं मागं सारलं. मग आणखी चार. मग गाठींच्या रांगेपाशी, मग दारापाशी. प्रत्येक वेळी साहेब मेणाकडे बघून मान हलवी आणि ती ताटली खरवडायला टाकी. "जरा हळू गा की," नारायणराव म्हणाले. पुंजाजीनं हळू गाऊन पाहिलं. हळू गायची त्याला सवय कुठली? मोठा बैल अंगणात आणून बांधावा तसा तो आवाज घोगरा होऊन उभा राहिला. शेवटी साहेबानं इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि उकंडाकडे बोट केलं.

"साहेब म्हणतात," नारायणराव म्हणाले, "यांनी मागून जी ओढ धरली होती ती मेणावर फार स्वच्छ उतरली. यांनाच गाऊ द्या. तुम्ही मात्र जरा बाहेर थांबा. तुमचा आवाज मेणाला सोसत नाही."

उकंडा घाबरून पुंजाजीकडे पाहू लागला. "दादा, मी नाई गात."

"गा ना बे," पुंजाजी म्हणाला. "साहेब म्हंते तं गा."

तो बाहेर जिनाच्या अंगणात उभा राहिला. आतून गवळण ऐकू येऊ लागली. ही गवळण त्यानंच उकंडाला शिकवली होती. कुठं श्वास घ्यायचा, कुठं घागरीचा शब्द हलवायचा, सगळं त्याचं. पण उकंडाच्या त्या बारीक आवाजात ती काही वेगळीच झाली होती. राधा मैदानातल्या लोकांना ऐकवत नव्हती, एकटीच कृष्णाशी बोलत होती. पुंजाजीला ते चांगलं वाटलं, आणि चांगलं वाटलं म्हणूनच ते सोसवेना. वाईट गायला असता तर तो हसत आत गेला असता. त्यानं गाणं संपायची वाट पाहिली नाही. बैल जुंपले आणि गाडी हाकून एकटाच गावाला निघून आला. उकंडा मागून दिवसभर पायी चालत आला.

त्यानंतरचा पुंजाजी पाहण्यासारखा नव्हता. माणूस हेव्यानं पेटला की त्याला अक्कल सुचते, पण सगळी वाकड्या कामाची. त्यानं फडात दुसरा झिलकरी आणला, जो ओळ झेलायच्या आधीच सांडायचा. मारुतीच्या ओट्यावर बसून तो सांगू लागला की ते यंत्र माणसाच्या गळ्यातला जीव ओढून घेते, उकंड्याचा आवाज आता वर्षभरात बसणार. उकंडा समोरून आला की हा विहिरीकडे वळे. उकंडा दारात आला की घरात नसे. एकदा तानुबाईनं उकंडाच्या घरी वाल पाठवले, तर हा जेवत्या ताटावरून उठला.

"त्याचं काय चुकलं?" तानुबाईनं विचारलं.

"त्याचं काईच चुकलं नाई."

"मंग काऊन असं करता?"

याला उत्तर असतं तर पुंजाजीनं ते आधी स्वतःला दिलं असतं. रात्रंदिवस त्याच्या डोळ्यांसमोर एकच दिसे. कुठल्याशा शहरात, कुठल्याशा माडीवर, भोंग्यासमोर माणसं बसली आहेत, गवळण संपली आहे, आणि शेवटी उकंडा स्वतःच्या तोंडानं सांगतो आहे, मी उकंडा रोहिणखेडकर. रोहिणखेडकर! हे गावाचं नाव लावायचा मान पुंजाजीनं गळा फाडून मिळवला होता. तो आता याला फुकट.

तबकडी आली ती दिवाळीतल्या पाडव्याच्या सुमारास. पाटलांनी मलकापूरहून आणली आणि संध्याकाळी बाजा वाड्यासमोरच्या पारावर मांडला. सगळं गाव गोळा झालं. पुंजाजी जाणार नव्हता. तो घरात पाठ करून बसला, मग ओसरीत आला, मग कुडाशी, आणि शेवटी पाराच्या मागच्या भिंतीआड उभा राहिला. गवळण सुरू झाली. बायका गप्प झाल्या. घागरीचा शब्द हलला तेव्हा कोणीतरी "आई गं" म्हणालं. भिंतीआड पुंजाजीनं दात आवळले. गाणं संपलं, सुई खरखरली, आणि त्या खरखरीतून उकंडाचा चिरका आवाज आला.

"शाहीर पुंजाजी रोहिणखेडकर!"

पारावर एकदम हशा उठला, मग टाळ्या. "उकंड्यानं मान राखला बे शाहिराचा!" कोणी म्हणालं. पाटलांनी तबकडीवरची चिठ्ठी वाचून दाखवली. तिच्यावरही तेच छापलं होतं. उकंडा मान खाली घालून बसला होता. भिंतीआडून पुंजाजी कधी पुढं आला हे त्यालाही कळलं नाही.

"काऊन घेतलं माह्यं नाव?"

"तोंडातून निंघून गेलं, दादा," उकंडा म्हणाला. "साहेबानं हात वर केला. गानं सरलं. गानं सरल्यावर मी दुसरं काय म्हंतो? मले मंग आठोलं, का ते माह्यं नाव इचारून राह्यले होते. तवरोक मेन उचलून नेलं होतं."

आता इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पुंजाजीनं त्याला पोटाशी धरलं, डोळे पुसले, दुसऱ्या झिलकऱ्याला घरी पाठवलं. गावाला वाटलं, मिटलं. पुंजाजीलाही वाटलं. आठ-दहा दिवस तो पारावरून जाताना बाजा वाजत असला की मुद्दाम चाल मंद करी आणि शेवटचं नाव ऐकूनच पुढं जाई.

मग बोलावणी येऊ लागली. ज्या गावांनी पुंजाजीला कधी पाहिलं नव्हतं, त्या गावांत त्याची तबकडी पोचली होती. पहिलं मोठं बोलावणं संग्रामपूरचं, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. सातपुड्याच्या पायथ्याची माणसं लांबून आली होती, रेकॉर्डवाला पुंजाजी बघायला. पुंजाजी छाती काढून उभा राहिला, डफ कडाडला, आवाज सुटला. बाजारातली गुरं दचकली. लोकांनी एक कडवं ऐकलं, दुसरं ऐकलं. मग पुढच्या रांगेतला एक मिशाळ माणूस उभा राहिला.

"ओ शाहीर, ते गवळन म्हना ना. रेकॉर्डातली."

पुंजाजीनं गवळण म्हटली. आपल्या पद्धतीनं, आपल्या पूर्ण गळ्यानं. राधा सातपुड्यापर्यंत ऐकू गेली.

"हे नाई ते," मिशाळ म्हणाला. "हा पुंजाजी नाईच. नाव सांगून दुसराच कोनी आनला!"

गलका झाला. कोणी खडा फेकला. गलक्यात घाबरून उकंडानं सवयीनं ओळ उचलली आणि ताणून धरली. गलका थांबला. लोक ऐकू लागले. "हाच! हाच तो!" मिशाळ ओरडला. "हा मांगं उभा हाय तो पुंजाजी!" लोक पुढं घुसले. पुंजाजीला बाजूला सारून त्यांनी उकंडाच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि घोष केला, "शाहीर पुंजाजी रोहिणखेडकर!"

पुंजाजी धक्क्यानं डफासकट मागं गेला होता. आपलं नाव तो जन्मभर ऐकत आला होता. आज पहिल्यांदा ते त्याच्यासमोरून दुसऱ्याकडे गेलं. उकंडाचा हेवा करणं त्याला आता जुनं, सोपं वाटू लागलं. आता हेवा होता तो पुंजाजीचाच. कुठल्याशा पुंजाजीचा, जो बारीक आवाजात गात होता, ज्याच्यावर माणसं जीव टाकत होती, आणि जो तो नव्हता.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "माह्यं नाव मले परत दे, उकंडा."

"म्या घेतलं कवा?" उकंडा म्हणाला. "म्या तं दिलं."

हार गाडीच्या कठड्याला लोंबत होता. गावाजवळ आल्यावर उकंडानं तो काढून बैलाच्या शिंगाला अडकवला.

पुढल्या साली कंपनी पुन्हा मलकापुरात उतरली आणि निरोप आला, पुंजाजीची दुसरी तबकडी हवी आहे. दोघं एकाच गाडीत निघाले. पुंजाजीनं मनाशी ठरवलं होतं. या खेपेला उकंडानं स्वतःचं नाव सांगायचं. यात चांगुलपणा किती होता ते विचारू नका. दुसऱ्याच्या गळ्यासाठी आपल्याला शाबासकी मिळते हे त्याला सोसवत नव्हतं. उकंडाला उकंडाची शाबासकी मिळाली असती तर निदान सरळ जळता आलं असतं.

"या टायमाले तुह्यंच नाव सांगजो," तो म्हणाला.

"नोको, दादा. उकंडा हे काय नाव हाय, तबकडीवर छापाले?"

"सांगजो म्हंतो ना."

दुपारी उन्हानं पुंजाजीचे डोळे मिटले, आणि तो झोपला असं समजून उकंडा कासरा धरून हळूच पुटपुटू लागला. "शाहीर उकंडराव रोहिनखेडकर." मग थोडं थांबून, जरा सावरून, पुण्याच्या माणसासारखं, "शाहीर उकंडराव रोहिणखेडकर." मलकापूर येईपर्यंत तो ते म्हणत होता. कधी नुसतंच "उकंडराव" म्हणून बघे आणि लाजून बैलांना हाकारी. पुंजाजी डोळे मिटून सगळं ऐकत पडला होता. आपल्याला हे इतकं का लागतंय, आपणच तर सांगितलं, असं त्याला वाटत होतं, आणि तरी लागत होतं.

गोदामात नारायणरावांनी हसत स्वागत केलं, उकंडाचं. "या पुंजाजी."

पुंजाजीनं पुढं होऊन सांगितलं, पुंजाजी मी, गाणारा हा उकंडा, आणि या खेपेला याचंच नाव लावा.

नारायणरावांनी चष्मा पुसला. "ते आम्हाला गेल्या खेपेसच उमगलं होतं. पण असं आहे, पुंजाजी हे नाव खपलं आहे. नागपूरपासून नाशिकपर्यंत लोक दुकानात येऊन ते नाव मागतात. आता त्याच आवाजावर दुसरं नाव घातलं तर लोक म्हणतील ही नक्कल आहे. तबकडी कंपनीची आहे, आणि तबकडीवरचं नावही आता कंपनीचंच समजा. आणि राग मानू नका, पण उकंडा! असलं नाव मागायला दुकानात कोण येईल? यांनी गेल्या वेळेसारखंच सांगायचं. नाहीतर साहेब दुसरा गाणारा बघतील."

उकंडा म्हणाला, "चालते, साहेब." झिलकऱ्याचंच उत्तर. पण पुंजाजीनं त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याचे ओठ अजून त्या शब्दांवरच हलत होते.

त्या दिवशी साहेबाचं बरंच मेण आधीच खराब झालं होतं. गरम ठेवलेली एकच ताटली शिल्लक होती आणि संध्याकाळच्या गाडीनं त्यांना अकोल्याला जायचं होतं. पुंजाजीला या वेळी बाहेर नाही घातलं, गाठींच्या मागे उभं केलं आणि तोंडावर बोट ठेवून दाखवलं. साहेबानं खूण केली. उकंडानं तुणतुण्याची तार छेडली.

तो असा गायला की नारायणरावांनी चष्मा काढून हातात धरला. मागच्या वर्षी तो भीत गायला होता. आज त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते सांगता येणार नव्हतं, म्हणून ते सगळं गाण्यात आलं. पुंजाजीनं रुईच्या गाठीला दोन्ही हातांनी धरलं. हा गळा माझ्या हाताखाली होता आणि मला कळला नाही, असं त्याला वाटलं. मग वाटलं, हे आता गावोगाव जाणार. मी मेल्यावरही वाजणार. माझ्या नावानं वाजणार, आणि मी त्यात कुठंच नसणार. जुना हेवा पुन्हा पेटला. त्यात आपल्या पोराच्या कौतुकासारखंही काही होतं, आणि ते वेगळं काढता येत नव्हतं.

साहेबानं हात वर केला. गाणं संपलं. उकंडानं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि तो थांबला. जेमतेम एक क्षण.

त्या क्षणात गाठींच्या मागून पुंजाजीचा आवाज सुटला. नदीपल्याड जाणारा, आपल्या पूर्ण जोराचा.

"शाहीर उकंडराव रोहिणखेडकर!"

सुई उडाली, घसरली, आणि मेणावर या कडेपासून त्या कडेपर्यंत ओरखडा ओढत गेली. सगळ्या गाण्यावरून. साहेबानं टोपी जमिनीवर आपटली. नारायणराव पुंजाजीला जे बोलले त्यातल्या एकाही शब्दाला इस्त्री नव्हती. थोड्या वेळानं हमालांनी भोंगा खोक्यात भरला, गाडीची वेळ झाली, आणि कंपनी निघून गेली. जाताना नारायणराव उकंडाला म्हणाले, "तुमच्या नशिबात नव्हतं हो." पुन्हा त्यांचा निरोप कधी आला नाही.

दोघं गाडीत बसले. मलकापूर मागं पडलं. कपाशीच्या रिकाम्या वावरांतून वाट जात होती आणि उन्हं कलली होती.

"गानं चांगलं झालं होतं," उकंडा म्हणाला.

"हाव."

"तसं मले पुन्हा नाई जमनार."

पुंजाजी कासऱ्याशी चाळा करत राहिला.

"तुमाले मालूम होतं, दादा. तुमचा आवाज त्या मेनाले सोसत नाई."

"हाव. मालूम होतं."

"मंग नाव द्याले वरडले, का तबकडी मोडाले?"

खोटं बोलायला पुंजाजीला भरपूर वाव होता. उकंडानं विश्वासही ठेवला असता. जन्मभर त्यानं दुसरं केलं काय होतं? पण संग्रामपूरपासून पुंजाजी स्वतःला फसवून थकला होता.

"दोनीसाठी," तो म्हणाला.

उकंडानं मान हलवली. जणू बाजारभाव ऐकला. मग तो गाडीतून उतरला आणि मागून पायी चालू लागला, पहिल्या खेपेला चालत आला होता तसा. पुंजाजीनं बैल हळू केले. तो पुढं जाईना आणि उकंडा जवळ येईना. असे ते बरंच अंतर गेले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"दादा," मागून उकंडानं हाक मारली. "तेवढ्या मोठ्यानं माह्यं नाव आजवर कोनी घेतलं नव्हतं."

पुंजाजी वळला नाही.

"एक डाव अजून घ्या ना. आता अठी मोडाले काई नाई."

पुंजाजीनं गाडी थांबवली. तो उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला. रिकामी वावरं समोर पसरली होती. या टोकाला म्हटलेलं त्या टोकाला जावं अशी ती जागा होती, आणि ऐकणारा एकच, ज्यानं निम्मं आयुष्य त्याचं नाव पुकारलं होतं. पुंजाजीनं तोंड उघडलं.

मोडायला काही नसताना नुसतं नाव बाहेर येईना.

उकंडा रस्त्यात उभा राहून वाट पाहत होता.